बिनगार्डाची गाडी

दसरा उलटला की फुलंब्रीच्या पुढचे आतले रस्ते अर्धे होतात. उरलेला अर्धा मक्याचा असतो. मळणी यंत्रातून निघालेला ओलसर मका लोक डांबरावर पसरतात, गाड्या वर चढू नयेत म्हणून कडेनं ओळीत दगड मांडतात, आणि घरातली एखादी बाई नाहीतर म्हातारं माणूस दिवसभर अनवाणी पायांनी तो मका उलटापालटा करत फिरतं. पायांनी पडलेल्या त्या लांबच लांब रेघा, वाऱ्यावर उडणारा फोल, आणि तापलेल्या डांबरावरून येणारा गोडसर, भाजका वास. हा वास मला मुकुंदवाडीतल्या फ्लॅटमध्ये बसूनही येतो. कारण गावाकडून येणाऱ्या माणसाच्या कपड्यांना तो चिकटून येतो. यंदा तो माझ्या भाचीच्या जॅकेटला चिकटून आला.

श्रावणी माझ्या धाकट्या भावाची, गणेशची मुलगी. शहरात औषधशास्त्र शिकते आणि गावाहून रोज ये-जा करते. परवा कॉलेज सुटल्यावर ती दारात उभी राहिली नि म्हणाली, "आत्या, खाली ये ना. गाडी दाखवायचीये."

खाली नवी कोरी, काळी मोटरसायकल उभी होती. स्कूटी नव्हे, चांगली गिअरची. मी चारी बाजूंनी फिरून कौतुक केलं, आरसा पुसला, सीटवर हात फिरवला, आणि पुढच्या बाजूला येऊन थांबले. इंजिनाच्या दोन्ही अंगांना चांगला जाडजूड गार्ड होता आणि त्या गार्डावर लाल-पिवळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती. घट्ट, वेढ्याला वेढा लागून, कुठंही फट नाही. अशी दोरी आमच्या घरात एकच माणूस गुंडाळतो.

"अण्णांनी गुंडाळली?"

"मंग! सगळा रविवार गेला आजोबांचा. हात थरथरतात ना त्यांचे आता. पप्पा म्हणले, मी गुंडाळतो, तर हातच लावू दिला नाय. म्हणले, पोरगी शिकतीये, पडणारच. आधी गार्ड, मंग बाकीचं."

मी "छान" म्हणाले. चहा टाकायला वर आले. आणि ओट्याशी उभी राहून जळले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? चाळिशी ओलांडलेली बाई मी, घरदार, नोकरी, सगळं जागच्या जागी, आणि माझ्या पोटात दुखत होतं ते कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीच्या गाडीला लोखंडी नळी आहे म्हणून.

ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. गार्ड म्हणजे इंजिनाच्या पुढे दोन्हीकडे बाहेर आलेला वाकवलेला पाइप. गाडी आडवी झाली की आधी तो जमिनीला टेकतो. मग इंजिन दगडावर आपटत नाही आणि चालवणाऱ्याचा पायही गाडीखाली चेंगरत नाही. एवढंच त्याचं काम. पण मी जितका त्याचा विचार करते तितकं मला वाटतं की हा पाइप लावणारा माणूस एक गोष्ट आधीच मान्य करून बसलेला असतो. ही गाडी पडणार. हिच्यावरचं माणूस पडणार. आणि पडलं तरी चालेल, उठता आलं पाहिजे. श्रावणीला हे सगळं आयतं मिळालं होतं, वर दोरी गुंडाळून.

मला गाडी मिळाली तोही मक्याचाच हंगाम होता. तेव्हा मी नुकतीच शहरातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत लागले होते. लोकांचं रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं, हे माझं काम. एसटी गावात यायची ती तिच्या मर्जीनं, आणि प्रयोगशाळा उघडायची ती सकाळी लवकर, कारण लोक उपाशीपोटी येऊन बसलेले असत. त्याच सुमाराला गणेश बारावी झाला. झाला म्हणजे कसाबसा झाला, पण त्याला नवी मोटरसायकल आली. त्यामुळे अण्णांची जुनी मोकळी झाली आणि ती माझ्याकडे आली. शेजारपाजारचे म्हणाले, काय बाप आहे, पोरीला गाडी दिली. खरंच होतं ते. त्या काळी आमच्या गावात गिअरची गाडी चालवणारी मी एकटीच. मी हरखून गेले होते. निदान त्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी अण्णा पाने-हातोडी घेऊन अंगणात बसले. नव्या गाडीबरोबर आलेला गार्ड त्यांना पसंत नव्हता. "पत्रा आहे नुसता. एका दणक्यात बसंल खाली," म्हणाले. जुन्या गाडीचा गार्ड भरीव, दणकट. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या. वेल्डिंगवाल्यानं एक पट्टी वाढवली की तो नवीला बसणार होता. अण्णांनी माझ्या गाडीचा गार्ड सोडवायला घेतला. मी बाजूला उभी राहून बघत होते. नट गंजलेले, निघता निघेनात. त्यांनी रॉकेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, घाम पुसला, आणि शेवटी तो पाइप सुटून खाली पडला. माझी गाडी एकदम हडकुळी दिसायला लागली. इंजिन असं उघडं, पोट दिसावं तसं.

"अण्णा, मग माझ्या गाडीला?"

"तुला कशाला लागतोय गार्ड? तू हळू चालवतीस. गण्या म्हंजे वारं प्यालेलं वासरू."

"पण पडले तर?"

अण्णांनी वर पाहिलं. रागावले नव्हते, अगदी साधेपणानं बोलले. "पडायचं नाय. एकदा जरी पडलीस ना सविता, तर गाडी बंद. मंग शहरात जाणंपण बंद. लोक मला विचारतेत, पोरीच्या हातात गाडी दिली म्हणून. त्यास्नी मी काय सांगू?"

मग त्यांनी गणेशच्या गाडीला तो गार्ड बसवला आणि त्यावर दोरी गुंडाळली. लाल-पिवळी. बैलाच्या वेसणीला हात लावावा त्या मायेनं ते वेढा देत होते, ओढत होते, परत देत होते. गणेश कट्ट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. मला वाटलं, याला काय मिळतंय हे याला कळतही नाही. ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला ताटातलं दिसत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

आणि गणेश पडायचा! काय पडायचा! नदीच्या उतारावर पडला, मित्राला मागं बसवून वळणावर पडला, एकदा तर उभ्या गाडीवरून पडला. सर्वांत मोठं पडणं त्याच दिवाळीच्या आधीचं. पैज लावून गाडी पळवत होता आणि मक्यावरून घसरला. त्याला जीपमधून घरी आणलं तेव्हा निम्मं गाव मागे होतं. आईनं हळदीचं दूध केलं. चुलत्यानं दृष्ट काढली. अण्णा आधी त्याचे हातपाय चाचपून आले, मग उकिडवे बसून गाडी बघितली, गार्डावरून हात फिरवला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "गार्ड व्हता म्हणून इंजिन वाचलं अन् पोराचा पाय वाचला. न्हायतर काय खरं नव्हतं." गार्ड आत वाकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ठोकून सरळ केला आणि नवी दोरी गुंडाळली. गणेश पलंगावर झोपून पेरू खात होता. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही.

मी हे सगळं दारात उभी राहून बघत होते. उभी होते ती डाव्या पायावर. उजव्यावर भार देता येत नव्हता.

कारण माझं पडणं त्याच्या दोनच दिवस आधी झालं होतं.

मी प्रयोगशाळेतून परत येत होते. चौका हे गाव मागं टाकलं तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या गावाकडं वळणाऱ्या रस्त्यावर मका पसरलेला, उरलेल्या अर्ध्यात समोरून उसाच्या मोळ्या भरलेला ट्रॅक्टर आला. मला जागा नव्हती. मी दगडांच्या फटीतून मक्यावर गेले आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला. मक्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो हे आमच्याकडचं लहान पोरही सांगेल. पण ते सांगणाऱ्या पोरांनी पडून पडून शिकलेलं असतं. मला शिकायला कुणी पडू दिलं होतं?

गाडी उजवीकडं गेली. गार्ड असता तर पाइप टेकला असता. तो नव्हता, म्हणून इंजिनाचं कव्हर सरळ कडेच्या दगडावर बसलं आणि माझा पाय खाली सापडला. मी पाय ओढून काढला तेव्हा पिवळ्याधमक मक्यात काळं तेल पसरत चाललं होतं. माझी सगळी नोकरी, सगळं शहर, सगळं सकाळी उठून एकटीनं बाहेर पडणं, त्या भेगेतून गळत होतं. मला आजही मक्याचा ढीग दिसला की आधी त्यात काळं काही दिसतंय का ते बघावंसं वाटतं.

मका राखणारी बाई धावत आली. "आगं आगं, माझा मका! तेल सांडलंस की गं सगळ्यात!" मग तिनं मला नीट पाहिलं. "कुणाची गं तू?"

या प्रश्नाला मी जितकी घाबरले तितकी ट्रॅक्टरलाही घाबरले नव्हते. खरं सांगितलं असतं तर माझ्या आधी माझी बातमी घरी पोचली असती. मी म्हणाले, "सिल्लोडची."

"सिल्लोडची? अन् इकडं कुठं चाललीस गाडीवर?"

"मावशीकडं."

तिनं हनुवटीला बोट लावलं, पण पुढं विचारलं नाही. मी तिच्याकडं कपडे धुण्याचा साबण मागितला. अण्णा ट्रॅक्टरच्या गळक्या टाकीला साबण चोळून भेग बुजवायचे, ते पाहिलेलं होतं. साबण भेगेत दाबून भरला. दोघींनी मिळून तेलकट मका वेचून बाजूला केला, तोवर तीही निवळली आणि म्हणाली, "रगत निघतंय बघ गुडघ्याला. घरी गेल्यावर हळद लाव." घरी गेल्यावर हळद! घरी गेल्यावर मला हळदीच्या डब्याकडं बघायचीही सोय नव्हती. इंजिन तापलं की साबण वितळणार, म्हणून गाडी चालू न करता मी ती ढकलत उलटी फुलंब्रीला नेली. तिथल्या गॅरेजवाल्यानं भेगेत लांबीचा लगदा भरला, वर चंदेरी रंग फासला, नवं तेल ओतलं. घरी सांगितलं, पंक्चर झाली होती. गुडघा सलवारीत झाकला. ती रात्र मी उशीचं टोक तोंडात धरून काढली.

माझी एकच धास्ती होती, सकाळी अण्णांना कव्हरवरचा तो चंदेरी डाग दिसेल. डोळे दिपावेत इतका तो चमकत होता. त्यांना तो दिसला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, कधीच नाही. त्यांचं सगळं बघणं गणेशच्या गाडीवर खर्च होत होतं. मी वाचले ते माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून. या गोष्टीचा आनंद मानावा की रडावं हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

पुढं गंमत अशी झाली की अण्णांना माझा अभिमान वाटायला लागला. लग्नकार्यात, पारावर, पाहुण्यांत ते सांगायचे, "आमच्या सवितानं लई वर्षं गाडी चालवली, पण एकदापण पडली नाय. पोरगी असावी तर अशी." मला बघायला आलेल्या माणसांनाही त्यांनी हेच सांगितलं. माझे यजमान अजून चिडवतात, तुझ्या वडिलांनी मला बायको दिली की ड्रायव्हर? सगळे हसतात, मीही हसते. पण अण्णा ते वाक्य बोलायला लागले की माझा उजवा गुडघा दुखतो. गणेशनं ढीगभर वेळा पडून त्यांची माया मिळवली. मी एकदा पडले ते लपवून त्यांचा अभिमान मिळवला. सांगा, कुणाचा सौदा बरा?

शहरात हल्ली सिग्नलला उभी राहिले की मी गाड्यांचे गार्डच बघते. चकचकीत, गंजलेले, एका बाजूनं चेपलेले, कुणी त्यावर पोराला बसायला छोटी गादी बांधलेली, कुणी दसऱ्याचा झेंडूचा हार वाळला तरी काढलेला नाही. चेपलेला गार्ड दिसला की वाटतं, हा पडला आणि कुणीतरी याला उचललं. माझी आताची स्कूटर आहे, तिला मी स्वतः गार्ड लावून घेतला. पण स्वतः लावलेला गार्ड म्हणजे आपल्याच हातानं स्वतःची दृष्ट काढण्यासारखं. काढता येते, पण उतरली असं वाटत नाही.

या रविवारी श्रावणी मला न्यायला आली. अण्णांची तब्येत थोडी नरम होती. मी स्कूटर काढणार तर म्हणाली, "आत्या, मागं बस ना. मी नेते तुला. टेन्शन नको घेऊ."

मी मागं बसले. सावंगी गेली, चौक्याचा घाट गेला. पोरगी गाडी चांगली चालवते, माझ्याहून चांगली. अंगात भीतीच नाही. खांदे सैल, वळणावर गाडीबरोबर सहज कलणारी. मी तिच्या पाठीकडं बघत होते आणि मनातल्या मनात एकेक गोष्ट मोजून तिच्यावर जळत होते. हे सैल खांदे मला कधी मिळाले नाहीत. मी गाडी चालवायची ती काचेची बरणी डोक्यावर घेऊन चालल्यासारखी.

गावाच्या रस्त्याला लागलो. मका होताच. समोरून मेंढ्यांचा कळप आला, श्रावणीनं गाडी मक्यावर घातली, आणि एका कोकराला चुकवताना मागचं चाक सटकलं. फार वेगात नव्हतो. गाडी हळूच, जवळजवळ विचार करून, आडवी झाली आणि गार्डावर टेकून राहिली. इंजिन जमिनीपासून वर होतं. श्रावणीचा पाय मोकळा होता. मी मात्र मागून उडून मक्यात पडले होते. कोपर सोलपटलं, तळहातात दाणे रुतले, आणि गुडघा पुन्हा उजवाच.

मेंढपाळानं लांबूनच हाक दिली, "लागलं काय वं, ताई?" मी हातानंच नाही म्हणाले. तो हो हो करत कळप घेऊन पुढं गेला.

श्रावणीनं उठून कपडे झटकले. आणि गाडी उचलायच्याही आधी तिनं काय केलं असेल? खिशातून फोन काढला, स्पीकर लावला आणि हसत हसत म्हणाली, "पप्पा, पडले मी!"

बस. एवढंच. तहान लागली, भूक लागली, तसं पडले. इतक्या साध्या शब्दांत हे सांगता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या छातीत अशी कळ आली की कोपराची आग मी विसरले.

"लागलं का?" गणेशचा आवाज.

"नाय. गाडी गार्डावर आली. एकदम सेफ."

"मंग झालं तर. पाणी पी आधी. ताई कुठंय? तिला दे."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. मी मक्यात बसलेली, केसांत फोल, हातातून रक्त येतंय. गणेशनं विचारलं, "ताई, तू पडलीस का?"

आणि माझं तोंड आपलं आपण बोललं, "मी? नाही. मी कुठं पडले."

श्रावणी आधी हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं, आणि हसायची थांबली. ती खाली माझ्याजवळ मक्यात बसली आणि फोन स्वतःच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, "पप्पा, आत्यापण पडलीये. रक्त येतंय तिला. आम्ही दोघी पडलोय. तुम्ही गाडी घेऊन या."

पलीकडं गणेशच्या मागून खोकल्याचा आवाज आला, आणि अण्णा म्हणाले, "कोण? सविता पडली?"

मी डोळे मिटून घेतले. आता काय बोलणार, याची वाट बघत बसले. एवढ्या वर्षांचं ते वाक्य, पारावरचं, पाहुण्यांतलं, सगळं त्यांच्या हातून आता गेलं होतं.

"आगं, मंग गप का बसलीस? कुठं लागलं तुला?" अण्णा ओरडले. "गण्या, काढ की गाडी! पोरगी रस्त्यात पडलीये, अन् तू हुबा काय राहिलास?"

मग मी सांगितलं. कोपर सांगितलं, तळहात सांगितला, गुडघा सांगितला, डोक्याला नाही पण कानामागं थोडं, तेही सांगितलं. लहान पोरगी सांगते तसं रडत, नाक ओढत, एकेक करून सांगत राहिले, आणि अण्णा प्रत्येकाला "बरं, बरं, आलो आम्ही" म्हणत राहिले. श्रावणी माझ्या तळहातातले दाणे नखानं काढत होती. मला तिची माया आली. आणि खोटं कशाला बोलू, त्यातही मला तिचा हेवा वाटलाच. तिला हे सगळं पहिल्याच पडण्यात मिळालं होतं.